सोंगाच्या आतला माणूस

कोल्हापुराहून दक्षिणेस निघालेला महामार्ग कागल मागे टाकून दूधगंगा ओलांडतो आणि थोड्याच अंतरावर कोगनोळीच्या शिवारात शिरतो, तेव्हा वाटसरूच्या दृष्टीस मातीत, उसाच्या उभ्या पिकात, माणसांच्या पेहरावात किंवा त्यांच्या बोलीत कसलाही पालट जाणवत नाही. जो पालट होतो तो केवळ दप्तरात होतो. नदीच्या उत्तरेचे कागल हे कोल्हापूर संस्थानातील जहागिरीचे गाव, आणि इकडचा चिकोडी तालुका इंग्रजी अमलाखालील बेळगाव जिल्ह्याचा, अशी वाटणी शतकभर चालली. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दोन्हीकडची माणसे एका राज्यकारभाराखाली आली. परंतु त्याला आठ वर्षेही पुरी होतात न होतात तोच १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याच्या हवाली झाला आणि सरहद्द पुन्हा त्याच ठिकाणी येऊन उभी राहिली. आपण जेथे जन्मलो तो मुलूख आपल्याला आपले म्हणतो की नाही, हा प्रश्न अन्यत्र तत्त्वचिंतकांचा असेल. ह्या पट्ट्यात तो शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर, पोराच्या शाळेच्या दाखल्यावर आणि नाक्यावरच्या तपासणीत नित्य भेटतो.

ह्या सीमाप्रश्नाचा निवाडा करण्यासाठी भारत सरकारने न्यायमूर्ती मेहरचंद महाजन ह्यांचा एकसदस्य आयोग ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमला. त्याच हिवाळ्यात, १८ डिसेंबर १९६६ च्या रविवारी संध्याकाळी, जपानमधील टीबीएस ह्या दूरचित्रवाणी केंद्रावरून 'अल्ट्रामॅन' नामक मालिकेचा तेविसावा भाग प्रक्षेपित झाला. त्याच्या जपानी नावाचा अर्थ 'जन्मभूमी पृथ्वी' असा होतो. ह्या दोन घटनांचा परस्परांशी तिळमात्र संबंध नाही, आणि तो जोडण्याचा माझा मानसही नाही. तथापि अंगावर राक्षसाचे कातडे चढवलेल्या एका माणसाची, त्याच्याच देशाने नाकारलेल्या माणसाची ती कथा सीमेवरच्या ह्या गावात बसून मी आठवतो, तेव्हा मुलांच्या करमणुकीखातर निर्माण झालेल्या त्या पंचवीस मिनिटांना मी केवळ करमणूक मानू शकत नाही.

राक्षस घडविणे ही एक कला आहे आणि तिचा एक पुरातन धंदाही आहे. आपल्याकडे दशावतारातील संकासुर, नाशिक-पालघरकडील बोहाड्यातील मुखवटे, गोव्यात नरकचतुर्दशीच्या रात्री गल्लोगल्ली उभे राहणारे आणि पहाटे जाळले जाणारे कागद-बांबूंचे अजस्र नरकासुर, ही सारी त्या धंद्याचीच रूपे होत. ह्या धंद्याने पडद्यावर पाऊल टाकले तेव्हा त्याचे एक ठाणे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, कोल्हापुरात होते. नाटकांचे पडदे रंगविणारे आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री हे बंधू दादासाहेब फाळक्यांच्या चित्रांनी झपाटले. कॅमेरा परदेशातून आणण्याचे सामर्थ्य नव्हते, म्हणून तो घरी घडविण्याचा त्यांनी निश्चय केला. १९१६ मध्ये आनंदराव वारले, तरी बाबूरावांनी ते काम विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने तडीस नेले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या उभारणीस ज्यांनी पैका पुरविला त्यांत तानीबाई कागलकर ह्या गायिका होत्या, ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो, कारण चित्रपटाच्या इतिहासात आमच्या शेजारच्या गावाचे नाव एका कलावंत स्त्रीच्या आडनावातून टिकून आहे.

१९२० सालच्या 'सैरंध्री'मध्ये बाबूरावांनी भीमाच्या हातून कीचकाचा वध दाखविला, तो इतका हुबेहूब वठला की प्रेक्षागृहात किंकाळ्या उठल्या, आणि त्या दृश्याला सरकारी कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली ती ह्याच चित्रानंतर. फाळक्यांनी त्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसेंदिवस एकेक चौकट टिपून क्षणांत दाखविली होती आणि 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये आपल्या कन्येला, मंदाकिनीला, कृष्ण करून नागाच्या फण्यावर नाचविले होते. ही सर्व मंडळी काळाशी आणि आकाराशी खेळत होती: फार हळू घडणारे शीघ्र करावयाचे, लहान असेल ते थोर करावयाचे, आणि पाहणाऱ्याने स्वखुशीने फसावे इतकी ती फसवणूक प्रामाणिक ठेवावयाची.

'पेंटर' ह्या नावाने प्रसिद्ध झालेले हे बाबूराव १६ जानेवारी १९५४ रोजी निवर्तले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला जपानमध्ये 'गॉडझिला' प्रदर्शित झाला. त्याचा मायाकार एइजी त्सुबुराया हा फुकुशिमा प्रांतातील सुकागावा गावी १९०१ मध्ये जन्मलेला, मूळचा विमानांचा वेडा, आणि पुढे छायाचित्रणात शिरून 'किंग काँग'ची फीत चौकट-चौकट न्याहाळीत बसणारा असा माणूस होता. 'किंग काँग'मधील वानर हा बाहुला होता. प्रत्येक चौकटीसाठी त्याला केसभर हलवून त्याची चाल साधलेली होती. त्या रीतीने काम करावयाचे तर वर्षे लागली असती. त्सुबुरायाजवळ तितका अवकाशही नव्हता आणि तितके द्रव्यही नव्हते; म्हणून त्याने आपल्या सोंगाड्यांचाच मार्ग धरला आणि जिवंत माणसाला राक्षसाच्या कातड्यात घातले. पहिले कातडे सुमारे शंभर किलो वजनाचे होते. ते अंगावर घेऊन हारुओ नाकाजिमा दिव्यांच्या दाहात चालला, की आतून घाम निथळून काढावा लागे. भोवती हातभर उंचीची घरे रचलेली असत. खेळण्यातले घर पडते ते चटकन पडते, खरा वाडा पडण्यास वेळ लागतो. हे ओळखून फीत नेहमीच्या कैक पट वेगाने फिरवीत टिपावयाची, म्हणजे पडद्यावर पडझड संथ होते आणि संथपणातून वजन येते. फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपासाठी जी किल्ली उजवीकडे फिरविली, तीच त्सुबुरायाने डावीकडे फिरविली, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

त्सुबुरायाने १९६३ मध्ये स्वतःची संस्था काढली आणि १७ जुलै १९६६ पासून 'अल्ट्रामॅन'चे भाग दर रविवारी दिसू लागले. एकूण ३९ भाग झाले. पृथ्वीच्या रक्षणार्थ नेमलेले एक विज्ञान-पथक, त्यातील हायाता नामक तरुणाच्या देहात वसणारा परग्रहावरील एक महाकाय वीर, दर आठवड्यास एक नवा राक्षस, आणि त्या वीराला पृथ्वीवर अवघी तीन मिनिटे टिकता येते हे बंधन: असा एकंदर साचा होता. वीराचे व राक्षसांचे रूप तोरु नारिता ह्या शिल्पकाराने रेखाटले आणि राक्षसांची बहुतेक कातडी रयोसाकु ताकायामाने शिवली. आमच्या मुलखात ह्या जातीच्या कथा प्रथम पोहोचल्या त्या ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनावर 'जायंट रोबॉट' लागू लागला तेव्हा. ती मालिका निराळ्या संस्थेची, १९६७-६८ सालची, परंतु कुळी तीच. तिच्या अखेरच्या भागात तो लोखंडी महापुरुष आपल्या बालस्वामीचा हुकूम प्रथमच मोडून शत्रूसह आकाशात जातो आणि स्वतःचा नाश करून घेतो. त्या वेळी रडलेली मुले आज चाळिशी-पन्नाशीच्या घरात आहेत आणि ते रडणे त्यांना अजून आठवते.

आता त्या तेविसाव्या भागाकडे वळतो. तोक्यो येथे आंतरराष्ट्रीय शांतता परिषद भरावयाची आहे, आणि तिला येणाऱ्या प्रतिनिधींची वाहने वाटेतच स्फोट होऊन नष्ट होत आहेत. घातपात करणारे यान डोळ्यांस दिसत नाही. पथकातील इदे हा हसतमुख, काहीसा भित्रा, यंत्रांत रमणारा तरुण एक उपकरण तयार करतो, त्याच्या किरणांनी ते यान उघडे पडते, खाली येते, आणि त्यातून एक कुरूप प्राणी बाहेर पडतो, ज्याला मानच नाही, ज्याचे मस्तक खांद्यांतच रुतलेले आहे आणि ज्याची त्वचा दुष्काळातल्या तळ्याच्या तळासारखी भेगाळलेली आहे. येथवर सर्व नेहमीप्रमाणे चालले आहे. तेवढ्यात पॅरिसच्या मुख्यालयाहून आलेला अधिकारी सांगतो की हा राक्षस नव्हे. ह्याचे नाव जमिला. हा माणूस आहे. अंतराळ जिंकण्याच्या चढाओढीत ह्याच्या देशाने ह्याला वर पाठविले, यान भरकटले, आणि लोकनिंदेच्या भयाने त्या देशाने ही गोष्ट दडपून टाकली. जेथे हवा नाही आणि पाण्याचा थेंब नाही अशा ग्रहावर तो जिवंत राहिला, आणि जिवंत राहण्याच्या ह्या खटाटोपातच त्याचा देह असा पालटला. मोडके यान त्याने आपल्या हातांनी नीट केले आणि सूड मनात धरून तो घरी परत आला.

हे ऐकून इदे शस्त्र खाली टाकतो. आपल्यातलाच कोणी उद्या असा होऊ शकेल, मी ह्याच्याशी लढणार नाही, असे त्याचे म्हणणे. परंतु मुख्यालयाचा हुकूम येतो: ह्याची ओळख जगास कळू न देता, एक सामान्य राक्षस म्हणूनच ह्याचा निकाल लावा. ज्यांनी सरकारी दप्तरे वाचली आहेत त्यांना ह्या वाक्याची घडण परकी वाटणार नाही. माणसाला मारणे अवघड असते; पण त्याचे नाव खोडून त्या जागी दुसरा शब्द लिहिला, बंडखोर, दरोडेखोर, घुसखोर, की मारणे ही केवळ अंमलबजावणी होते. इंग्रजी अमदानीत सबंध जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा १८७१ मध्ये झाला तो ह्याच रीतीने, आणि सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारांमागे ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना ह्याचा अर्थ जपानी मालिकेवाचून कळत होता.

जमिला एका खेड्यावर अग्नी सोडतो. घरे पेटतात, एक मूल कबुतरासाठी मागे राहिले आहे. तेव्हा इदे त्याला नावाने हाक मारतो आणि विचारतो की तुझ्यातले माणूसपण संपले काय. आणि तो अवाढव्य देह क्षणभर थबकतो. मला वाटते, साऱ्या भागाचा प्राण ह्या थबकण्यात आहे. मामोरु सासाकीची लेखणी आणि अकिओ जिस्सोजीचे दिग्दर्शन, दोघेही त्या वेळी तिशीच्या आसपासचे, मुलांच्या कार्यक्रमात कोणी अपेक्षिली नसती अशी गोष्ट करून जातात: युद्ध जिंकण्याची घाई बाजूला ठेवून कॅमेरा त्या कुरूप चेहऱ्याकडे पाहत राहतो.

अखेर उपाय सापडतो तो पाण्याचा. ज्या पाण्यासाठी तो त्या निर्जल ग्रहावर तळमळला असेल, त्याच पाण्याची त्याच्या देहाला आता बाधा होते. परिषदेच्या वास्तूसमोर वीराच्या हातांतून निघालेल्या धारेखाली तो चिखलात कोसळतो, सरपटतो, ओळीने लावलेल्या राष्ट्रांच्या ध्वजांकडे हात नेतो, आणि तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा आवाज काढीत प्राण सोडतो. त्याच्या नावे एक स्मृतिफलक बसविला जातो, विज्ञानासाठी दिलेल्या बलिदानाची थोर शब्दांत वाखाणणी केली जाते. सगळे निघून गेल्यावर इदे एकटा तेथे उभा राहतो आणि मेलेल्यांच्या वाट्याला नेहमी असे सुंदर शब्दच येतात, एवढेच पुटपुटतो.

त्यानंतर जपानी शाळांतील मुले सदरा डोक्यावर ओढून, कपाळ गळपट्टीत अडकवून जमिलाची नक्कल करू लागली, आणि पिढ्यान् पिढ्या करीत राहिली. सोंग हे असे लोकांच्या अंगवळणी पडते. जिस्सोजीने पुढे पस्तिसाव्या भागात तर मारलेल्या सर्व राक्षसांचे श्राद्धच पथकाकडून करविले. त्यात सीबोझू नावाचा हाडांचा सापळा असलेला राक्षस चुकून पृथ्वीवर पडतो आणि त्याला कोणाशी लढावयाचे नसते, त्याला केवळ परत जावयाचे असते.

आपल्या परंपरेत ह्या भावनेचे बीज नाही असे कोणी म्हणेल, तर मी ते मान्य करणार नाही. जय आणि विजय हे वैकुंठाचे द्वारपाल. एका शापाने त्यांना तीन जन्म राक्षस व्हावे लागले, म्हणजे हिरण्यकशिपूच्या आणि रावणाच्या कातड्याआड आपल्याच घरचा माणूस आहे हे पुराणकाराने आधीच सांगून ठेवले आहे. कालियाला कृष्णाने मारले नाही, समुद्राकडे धाडले. पडद्यावरच्या आमच्या कलेला मात्र, बाबूरावांसारखा अद्वितीय कारागीर लाभूनही, वध दाखविण्यात जितकी गोडी वाटली तितकी ज्याचा वध होतो त्याच्याजवळ थांबण्यात वाटली नाही, ही माझी खंत आहे. कीचक करुणेस पात्र नव्हता, हे खरे; परंतु बळीराजा होता. त्याचे राज्य घेतले गेले, त्याला पाताळात दडपले गेले, आणि तरीही त्याच्यावर बोलपट करताना पाऊल मस्तकी ठेवणाऱ्या वामनाचीच बाजू पडद्याने धरावी, ही गोष्ट घराघरांतल्या बायकांनी कधी मानलेली नाही.

महाजन आयोगाचा अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला; त्यात निपाणीचा भाग महाराष्ट्रास द्यावा असे लिहिले होते, बेळगाव शहर मात्र म्हैसुरातच ठेवले होते; तो अंमलात आला नाही. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. कोगनोळीच्या नाक्यावर साथीच्या दिवसांत वाटसरूंचे कागद तपासले गेले, आंदोलनाच्या दिवसांत पोलिसांचे अडथळे उभे राहिले, आणि अडविलेली माणसे नदीपलीकडच्या आपल्याच सोयऱ्यांशी हातवारे करून बोलली. कार्तिकात, पाडव्याच्या पहाटे, नदीच्या दोन्ही काठांवरच्या घरांत बाया ओवाळताना पीडा टळून बळीचे राज्य येवो असे म्हणतात. ज्याला देवाने पाताळात घातले त्याचे नाव त्या आपल्या मुलांच्या कपाळाला कुंकू लावताना घेतात, मोठ्याने घेतात, आणि अजून अंधार असल्यामुळे शेजारच्या घरातला आवाजही तेच नाव घेताना ऐकू येतो.