जुन्या घराला स्वयंपाकघर जोडताय? आधी पायाचा खर्च धरा

जालना जिल्ह्यात गावोगावी अजून दगड-मातीच्या भिंतींची माळवदाची घरं आहेत. त्याला स्वयंपाकघर वाढवताना बहुतेक जण हिशेब स्लॅबपासून धरतात, आणि चूक तिथंच होते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; म्हणून मुरूम लागेपर्यंतच्या खोदाईचे पैसे आधी बाजूला काढावेत. नवा स्लॅब जुन्या भिंतीवर टेकवू नये. कॉलम वेगळे घ्यावेत, दोन्हीच्या मधली फट वरून पत्र्यानं झाकावी. मोरीचं पाणीही जुन्या भिंतीपासून लांब काढावं, नाहीतर ओल धरून भिंतच बसते.

१० बाय १२ फुटांच्या, ५ इंची स्लॅबला अर्धा ब्रास काँक्रीट म्हणजे साधारण १२ पोती सिमेंट लागतं. सळई जालन्यातच बनते, पण भाव सारखा हलतो. गुत्तेदाराकडून आकडा लेखी घ्यावा. काम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीत विचारावं.