४ डिसेंबर १८६७ : शेतकऱ्यांच्या ‘ग्रेंज’ची स्थापना

अमेरिकेच्या कृषी खात्यातील एक कारकून, ऑलिव्हर हडसन केली, १८६६ मध्ये यादवी युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या दक्षिणेकडील शेतीची पाहणी करून परतला. उत्तर-दक्षिणेच्या शेतकऱ्यांना एकत्र बसवणारी संघटना हवी, हे त्याच्या मनाने घेतले. सहा सहकाऱ्यांसह त्याने वॉशिंग्टनमध्ये ४ डिसेंबर १८६७ रोजी ‘नॅशनल ग्रेंज’ स्थापन केली. ग्रेंज म्हणजे धान्याचे कोठार किंवा शेतवाडी. केली ‘फ्रीमेसन’ या गुप्त विधींच्या बंधुसंघाचा सभासद असल्याने दीक्षाविधी, गुप्त खुणा असा सगळा थाटही आला. त्याची भाची कॅरोलिन हॉल हिच्या आग्रहामुळे स्त्रियांना पहिल्यापासून सभासदत्व आणि मताचा हक्क मिळाला. देशाच्या राज्यघटनेत तो हक्क यायला १९२० उजाडले!

गावोगावच्या ग्रेंज सभागृहांत व्याख्याने, गाणी, पंगती होत. खरी झुंज मात्र रेल्वे कंपन्या आणि कोठारवाल्यांच्या मनमानी दरांशी होती. औजारे व किराणा एकत्र खरेदी करून शेतकऱ्यांनी दलालही टाळले. १८७५ पर्यंत सभासदसंख्या आठ लाखांवर गेली. शेतकऱ्यांच्या याच लढ्याच्या काळात इलिनॉय राज्याने शिकागोच्या धान्यकोठारांच्या भाड्याला कमाल मर्यादा घातली, तेव्हा मालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८७७ मध्ये ‘मन विरुद्ध इलिनॉय’ खटल्यात हरले. औजारांचे कारखाने काढण्याचा उद्योग मात्र ग्रेंजच्या अंगलट आला. सभासद झपाट्याने घटले. तरीही खेड्यातील घरापर्यंत टपाल पोहोचावे ही तिची मागणी १८९६ पासून प्रत्यक्षात येऊ लागली.

मिनेसोटात एल्क रिव्हरजवळचे केलीचे शेत आज संग्रहालय म्हणून जपले आहे.