मंगळावरील कालवे : परग्रहावरील बुद्धिमत्तेच्या एका पुराव्याचा इतिहास

पृथ्वीव्यतिरिक्त विश्वात अन्यत्र बुद्धिमान जीवसृष्टी आहे काय, या प्रश्नाची चर्चा ग्रीक तत्त्वचिंतकांपासून चालत आलेली आहे. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ती प्रामुख्याने तर्क आणि धर्मशास्त्र यांच्या कक्षेतच राहिली. परग्रहावरील बुद्धिमान प्राण्यांनी उभारलेली बांधकामे दुर्बिणीतून दिसतात, असा दावा वेधशाळेतून सातत्याने आणि दीर्घकाळ केला गेला तो मंगळाच्या संदर्भात. हा दावा खोटा ठरला हे सर्वश्रुत आहे. तो कोणत्या मार्गाने खोटा ठरला, याकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. मंगळावर कोणी राहत नाही हे सिद्ध झाल्यामुळे कालवे नाहीसे झाले नाहीत. पाहणाऱ्या डोळ्याचीच परीक्षा घेतली गेली तेव्हा त्यांचा पाया ढासळला, आणि हे मंगळाजवळ पहिले यान पोहोचण्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी घडले.

इ. स. १८७७ च्या सप्टेंबरमध्ये मंगळ प्रतियुतीत होता. पृथ्वीपासून त्याचे अंतर त्या वेळी सुमारे ५.६ कोटी किलोमीटर होते. मिलान येथील ब्रेरा वेधशाळेचे संचालक जोव्हान्नी स्कियापारेल्ली यांनी २२ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाच्या दुर्बिणीतून मंगळाचा नकाशा तयार करण्यास प्रारंभ केला. तांबूस प्रदेशांतून जाणाऱ्या काळसर रेषांना त्यांनी ‘कानाली’ असे नाव दिले. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ निसर्गनिर्मित जलमार्ग असा होतो, तसाच खोदलेला पाट असाही होतो. इंग्रजीत मात्र त्याचे ‘कॅनाल’ झाले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झालेला असल्याने कालवा म्हणजे मानवी पराक्रमाची खूण, ही भावना त्या काळी ताजी होती. मराठीतही ‘मंगळावरील कालवे’ हाच शब्दप्रयोग रूढ झाला. ओढा, ओहोळ, खाडी हे शब्द हाताशी असताना ‘कालवा’ आला आणि त्याबरोबर तो खोदणारे हातही आले.

तथापि सर्व दोष भाषांतराच्या माथी मारण्याची जी प्रथा पडली आहे, ती फारशी समर्थनीय नाही. स्कियापारेल्ली यांच्या नकाशांतील रेषा पुढे पुढे अधिक सरळ, अधिक बारीक होत गेल्या. काही रेषा एकाएकी दुहेरी झाल्याचे त्यांनी १८८२ मध्ये जाहीर केले. हे कालवे बुद्धिमान प्राण्यांनीच खोदले असतील असे मानण्याचे कारण नाही, असे त्यांचे मत होते. पण तशी कल्पना त्यांनी अशक्यही ठरविली नाही.

ही मोकळी ठेवलेली जागा पर्सिव्हल लॉवेल यांनी भरून काढली. बोस्टनच्या धनाढ्य घराण्यातील लॉवेल यांनी जपान व कोरिया येथे वास्तव्य करून त्या देशांवर ग्रंथ लिहिले होते. १८९४ मध्ये त्यांनी अ‍ॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे, सुमारे २,२०० मीटर उंचीवर, स्वखर्चाने वेधशाळा उभारली. वातावरण जितके स्थिर तितकी प्रतिमा स्पष्ट, हे जाणून वेधशाळेची जागा निवडण्याची त्यांची दृष्टी निःसंशय आधुनिक होती. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘मार्स’ या ग्रंथात त्यांचा सिद्धान्त मांडलेला आहे. मंगळ हा वाळत चाललेला ग्रह असून तेथील प्राण्यांनी ध्रुवावरील बर्फाचे पाणी विषुववृत्ताकडे नेण्यासाठी ग्रहव्यापी कालवे खोदले आहेत. दुर्बिणीतून दिसते ते पाणी नव्हे, तर कालव्यांच्या दोन्ही काठांवरील वनस्पतींचा पट्टा होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. एवढी योजना राबविणाऱ्या समाजात युद्धे उरली नसावीत, असाही निष्कर्ष त्यांनी काढला. काही रेषांवरून थेट समाजव्यवस्थेपर्यंतची ही झेप पाहता, लॉवेल मंगळाचे वर्णन करीत होते की आपल्या काळाच्या आकांक्षांचे, असा प्रश्न पडतो.

या सिद्धान्ताला पहिला धक्का त्याच वर्षी बसला होता. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत विल्यम कॅम्पबेल यांनी १८९४ मध्ये मंगळाचा वर्णपट चंद्राच्या वर्णपटाशी ताडून पाहिला. चंद्राला वातावरण नाही. तेव्हा मंगळावर पाण्याची वाफ असेल तर दोहोंत फरक दिसावयास हवा होता. तो दिसला नाही. तरीही ‘दिसते’ म्हणणाऱ्याला ‘मोजता येत नाही’ हे उत्तर त्या वेळी पुरेसे वाटले नाही.

निर्णायक प्रयोग घडला तो मात्र एका शाळेत. ग्रिनिच वेधशाळेतील एडवर्ड माँडर यांना एक शंका होती. दूरदर्शकातील मंगळबिंब अत्यंत लहान असते. अनुकूल प्रतियुतीतही ते चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सुमारे पंचाहत्तराव्या भागाएवढेच भरते. अशा बिंबावरील स्वतंत्र ठिपके व अनियमित छटा यांना डोळाच परस्पर जोडून रेषा बनवीत असेल काय? माँडर आणि जे. ई. इव्हान्स यांनी ग्रिनिच येथील रॉयल हॉस्पिटल स्कूलच्या मुलांपुढे कालवे नसलेली मंगळाची चित्रे ठेवली व निरनिराळ्या अंतरांवर बसवून त्यांच्याकडून ती रेखाटून घेतली. ठरावीक अंतरावर बसलेल्या अनेक मुलांनी, मूळ चित्रात नसलेल्या सरळ रेषा काढल्या. १९०३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लॉवेल यांच्या पक्षाने त्यांची संभावना ‘पोरांचा सिद्धान्त’ अशी केली. त्या मुलांना मंगळाविषयी काही सिद्ध करावयाचे नव्हते, हेच खरे तर त्यांच्या साक्षीचे मोल होते.

१९०७ मध्ये निसर्गनिवडीच्या तत्त्वाचे सहशोधक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी वयाच्या ८४ व्या वर्षी ‘इज मार्स हॅबिटेबल?’ हे छोटे पुस्तक लिहिले. मंगळाचे तापमान पाणी गोठण्याच्या बिंदूच्या बरेच खाली असणार आणि वाळवंटातून उघड्या पाटाने पाणी नेणे व्यर्थ होय, हे त्यांचे मुख्य मुद्दे. वॉलेसही तटस्थ नव्हते. विश्वात मानव एकटाच आहे असे मत त्यांनी १९०३ मध्येच ग्रंथरूपाने मांडले होते. परंतु त्यांच्या युक्तिवादातील तापमानाचा भाग कोणालाही पडताळून पाहता येण्याजोगा होता.

यानंतर सप्टेंबर १९०९ मध्ये यूजीन आंतोनियादी यांनी पॅरिसजवळील मदाँ वेधशाळेच्या ८३ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला. पूर्वी त्यांनी स्वतः कालव्यांची रेखाटने केलेली होती. मोठ्या दुर्बिणीत स्थिर हवेच्या क्षणी सरळ रेषांच्या जागी त्यांना असंख्य अनियमित तपशील दिसले. बहुतेक व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांच्या दृष्टीने प्रश्न येथे निकालात निघाला.

सामान्य वाचकाच्या मनातून मात्र मंगळवासी हटले नाहीत. अमेरिकन हवाई दलाने १९६२ मध्ये तयार करवून घेतलेल्या मंगळाच्या नकाशातही कालव्यांच्या रेषा होत्या. जुलै १९६५ मध्ये मंगळापासून सुमारे ९,८०० किलोमीटर इतके जवळ गेलेल्या मरिनर ४ या यानाने घेतलेल्या छायाचित्रांत विवरे दिसली. वातावरणाचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी भरला.

तोवर शोधाचे साधनही बदलले होते. फ्रँक ड्रेक यांनी १९६० मध्ये ग्रीन बँक येथे दोन ताऱ्यांकडे रेडिओ दुर्बीण रोखून संदेशांचा शोध आरंभिला होता. १९६७ मध्ये केंब्रिज येथे जोसेलिन बेल यांना अतिशय नियमित रेडिओ स्पंदने आढळली, तेव्हा संशोधकांनी आधी आपली उपकरणे आणि पृथ्वीवरील व्यत्यय तपासले. ‘हिरवी माणसे’ हे नाव विनोदाने दिले गेले खरे. पण ती स्पंदने एका नव्या प्रकारच्या ताऱ्याची, म्हणजे पल्सारची, निघाली. संशयाचा पहिला रोख स्वतःकडे वळविण्याची ही रीत लॉवेल यांच्या काळात रूढ नव्हती.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे एक यान मंगळावर उतरत होते. त्याचे नाव ‘स्कियापारेल्ली’. त्याचे क्षीण रेडिओ संकेत पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपने, म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या दुर्बिणीने, टिपले. मंगळाहून आलेला तो खराखुरा संकेत होता; पाठविणारे यंत्र पृथ्वीवरचे होते. उतरण्यापूर्वीच तो थांबला. चौकशीअंती असे आढळले की, मोजमापातील बिघाडामुळे यानाच्या संगणकाने आपण जमिनीच्या खाली पोहोचलो आहोत असे गृहीत धरले, आणि सुमारे ३.७ किलोमीटर उंचीवर असतानाच हवाई छत्री सोडून दिली.