हार्डफाइल (अमिगा)

हार्डफाइल म्हणजे अमिगा संगणकाच्या इम्युलेटरमध्ये हार्ड डिस्क म्हणून वापरली जाणारी संचिका होय. ती यजमान संगणकावर एकच मोठी संचिका म्हणून साठवलेली असते. अनुकरण केलेल्या अमिगाला मात्र ती ५१२ बाइटच्या खंडांची (ब्लॉक) बनलेली डिस्क भासते. तिच्या नावाला बहुधा 'एचडीएफ' हा प्रत्यय असतो. यूएई आणि त्यापासून विकसित झालेल्या विनयूएई, एफएस-यूएई या इम्युलेटरांत ती वापरतात.

पार्श्वभूमी

कमोडोर कंपनीने पहिला अमिगा १९८५ मध्ये बाजारात आणला. त्या काळी कार्यक्रम प्रामुख्याने फ्लॉपीवरून चालत. हार्ड डिस्कवरून थेट सुरू होण्याची सोय किकस्टार्ट १.३ या रॉमपासून उपलब्ध झाली. कमोडोर १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी या संगणकासाठी लिहिलेले कार्यक्रम, चित्रे व संगीत इम्युलेटरच्या साहाय्याने आजही वापरता येतात.

रचना

हार्डफाइलचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात संपूर्ण संचिका हेच एक विभाजन (पार्टिशन) असते. विभाजनाची माहिती संचिकेत नसल्याने डिस्कची भूमिती, म्हणजे पृष्ठभाग, सेक्टर व राखीव खंड यांची संख्या, इम्युलेटरमध्ये नोंदवावी लागते. हे आकडे बदलल्यास जुना मजकूर वाचता येत नाही.

दुसऱ्या प्रकारात डिस्कच्या पहिल्या १६ खंडांपैकी एकात 'रिजिड डिस्क ब्लॉक' (आरडीबी) असतो. त्यात भूमिती नोंदलेली असते, तसेच विभाजनांच्या यादीचा व आवश्यक फाइल प्रणालींचा ठावठिकाणा असतो. खऱ्या अमिगाच्या डिस्कचीही रचना हीच असल्याने अशी हार्डफाइल प्रत्यक्ष डिस्कवर उतरवता येते.

विभाजन करण्याची पद्धत

इम्युलेटरमध्ये ठरावीक आकाराची रिकामी हार्डफाइल तयार करून ती आरडीबी प्रकारात जोडली जाते. त्यानंतर अमिगा फ्लॉपीवरून सुरू करून एचडीटूलबॉक्स हा कार्यक्रम उघडतात. तो मूळ हार्डवेअरच्या चालकाकडे (डिव्हाइस) डिस्क शोधत असल्याने, हार्डफाइल यूएईच्या स्वतःच्या चालकावर जोडलेली असेल तर आयकॉनच्या टूल टाइपमधील चालकाचे नाव बदलावे लागते. अन्यथा डिस्क यादीत दिसत नाही.

डिस्कचा प्रकार नोंदवल्यावर विभाजने आखली जातात. पहिल्याला सहसा 'डीएच०' हे नाव देऊन ते आरंभक्षम (बूटेबल) ठरवतात. बदल डिस्कवर लिहून संगणक पुन्हा सुरू केल्यावर प्रत्येक विभाजन फॉरमॅट केले जाते व शेवटी वर्कबेंचची स्थापना होते. फ्लॉपीची आरंभ-अग्रता ५, तर हार्ड डिस्कची बहुधा ० असते. त्यामुळे स्थापनेची फ्लॉपी आतच राहिल्यास अमिगा पुन्हा तिच्यावरूनच सुरू होतो.

चार गीगाबाइटची मर्यादा

अमिगाओएस ३.१ मधील फास्ट फाइल सिस्टिम डिस्कवरील स्थान ३२ बिटच्या संख्येने बाइटमध्ये मोजते. त्यामुळे ४,२९,४९,६७,२९६ बाइटच्या, म्हणजे ४ गीगाबाइटच्या, पलीकडचे स्थान तिला दर्शवता येत नाही. मोठी डिस्क आखून पलीकडे लिहिल्यास संख्येचा वरचा भाग गळून पडतो आणि मजकूर डिस्कच्या सुरुवातीच्या भागात लिहिला जातो. आरडीबी व पहिले विभाजन त्यामुळे नष्ट होऊ शकते. सुरुवातीला डिस्क सुरळीत चालते व ती भरत गेल्यावरच हानी दिसते, म्हणून हा दोष विशेष धोकादायक ठरतो.

यावर उपाय म्हणून संपूर्ण डिस्क ४ गीगाबाइटच्या आत ठेवतात, किंवा मोठ्या डिस्क हाताळणारी पीएफएस३ सारखी फाइल प्रणाली आरडीबीमध्ये समाविष्ट करून आरंभक्षम विभाजन पहिल्या ४ गीगाबाइटमध्ये ठेवतात. २०१८ मध्ये आलेल्या अमिगाओएस ३.१.४ मध्ये मोठ्या डिस्कसाठी आधार अंतर्भूत आहे.

सुरक्षितता

लेखन चालू असताना इम्युलेटर बंद केल्यास फास्ट फाइल सिस्टिमचे विभाजन अप्रमाणित अवस्थेत राहू शकते. विनयूएईमध्ये संगणकाला जोडलेली प्रत्यक्ष डिस्कही वापरता येते. तेथे चुकीची डिस्क निवडून बदल लिहिल्यास तिच्यावरील मूळ विभाजने पुसली जातात. हार्डफाइलबाबत हा धोका एका संचिकेपुरता सीमित असतो. इम्युलेटर बंद असताना त्या संचिकेची प्रत काढली की संपूर्ण डिस्क जतन होते.