दारावर दुसऱ्यांदा

आप्पांची वर्गणीची वही अजून माझ्याकडे आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याच्या चोपडीसारखी लांबट. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली 'मुक्काम गुंद, तालुका सुपे' आणि मग घरांची यादी. कुणाचे दोन पायली तांदूळ, कुणाच्या पन्नास सुपाऱ्या, कुणाचा एक नारळ. एका नावापुढे पैसेही नाहीत नि धान्यही नाही, फक्त 'मांडवाला एक दिवस' असं लिहिलंय. त्या घरचा माणूस उत्सवाआधी कोयता घेऊन यायचा, दिवसभर बांबू तोडायचा आणि जेवून जायचा. आप्पांच्या हिशेबी तोही वर्गणीदारच.

आमच्याकडे घराला घर लागून नाही. एक बागायतीच्या टोकाला, दुसरं ओहोळापलीकडे, तिसरं पार चढणीवर रानात. वर्गणीला निघालं की चार दिवस सहज मोडत. वहीच्या उजव्या कडेला एक अरुंद रकाना आहे, त्यावर 'पोच' लिहिलंय. लहानपणी मला वाटायचं, वर्गणी हाती आली की त्यात खूण करत असतील. तसं नव्हतं. उत्सव झाल्यावर आप्पा पुन्हा त्याच चार दिवसांच्या फेरीला निघत. डोक्यावर टोपली माझ्या, टोपलीत केळीच्या पानात बांधलेला प्रसाद. पुडी घरात दिली, किती जमलं, किती खर्चलं, शिल्लक काय हे ओटीवर बसून सांगितलं की मग त्या रकान्यात खूण. ज्यांनी काही दिलं नव्हतं त्यांच्याकडेही जायचं. त्या घरांसाठी चढण चढायची म्हणजे माझी कुरकुर. आप्पा उत्तर देत नसत, टोपली मात्र माझ्याच डोक्यावर राहायची.

पुढे चाळिशीत मी स्वतः एका शाळेच्या खोल्यांसाठी निधी जमवणाऱ्या समितीचा चिटणीस झालो. छापील पावतीपुस्तकं आणली, शिक्का बनवला, पहिल्या वर्षी रक्कमही बरी जमली. खोल्यांच्या भिंती उठल्या आणि आम्ही कुणाच्याही दारी परत गेलो नाही. पावती दिली होती ना! दुसऱ्या वर्षी फिरलो तेव्हा लोक नाही म्हणाले नाहीत. पाणी दिलं, सुपारी पुढे केली, आणि 'बघू' म्हणाले. ज्यानं आयुष्यात वर्गणी मागितली आहे त्याला या 'बघू'चा अर्थ सांगावा लागत नाही. चूक माझीच होती.

त्यानंतर जुन्या फंडांबद्दल मिळेल ते वाचायचा नाद लागला. आमचा तालुका आज कर्नाटकात असला तरी १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभाराखाली होता. त्यामुळे पुण्या-मुंबईचे फंड हा आमच्याही घरचा इतिहास आहे असं मी मानतो. त्या काळाचं एक वेगळेपण म्हणजे मागणाऱ्यांनी देण्याचं माप ठरवण्यावर फार डोकं चालवलं होतं. घाटाखाली पणजीत १९०८ साली मुष्टिफंड निघाला. राज्य पोर्तुगिजांचं आणि शाळा काढायची मराठी. नावातच माप आहे: मूठभर तांदूळ. हे माप ज्यानं शोधलं त्याला घर कळत होतं. रोकड घरधन्याच्या कनवटीला असते, पण तांदळाच्या मडक्यात हात बाईचा. वैरण्याआधी एक मूठ बाजूला काढायला तिला कुणाची परवानगी लागत नाही. त्या नावाची शाळा पणजीत आजही आहे.

अंताजी दामोदर काळ्यांचा पैसा फंड याहून धाडसी. माणशी वर्षाला एक पैसा, बस्स. रुपयाचे चौसष्ट पैसे होते आणि देशाची वस्ती तीस कोटींच्या आसपास. हिशेब करून बघा: वर्षाला शेहेचाळीस-सत्तेचाळीस लाख रुपये होतात! कागदावर हा आकडा मांडताना त्या माणसाचा हात थरथरला असेल. अर्थात तीस कोटी दारं कुणालाच फिरता येत नाहीत, आणि एका पैशासाठी स्वयंसेवकाची वहाण जास्त झिजते. तरीही त्या पैशा-पैशातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. आपल्या पैशाचं काय झालं असं कुणी विचारलं तर बोट दाखवायला कारखाना होता.

पण माझं मन गुंतलं ते धोंडो केशव कर्व्यांमध्ये. विधवांचा आश्रम काढण्याच्याही आधी त्यांनी मुरुड फंड चालवला होता. कोकणातल्या मुरुडहून पोटासाठी बाहेर पडलेल्यांनी आपल्या मिळकतीतला काही भाग गावाच्या कामासाठी द्यायचा, अशी कल्पना. मग १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं आणि त्याच मुरुडनं त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी मागत फिरले त्या गावात स्वतःच्या घरच्या पंक्तीला बसायची सोय राहिली नाही. असा माणूस तीन वर्षांत, १८९६ मध्ये, अनाथ बालिकाश्रम काढतो आणि पुन्हा लोकांपुढे हात पसरायला उभा राहतो. त्याच लोकांपुढे! मला एका 'बघू'नं दोन वर्षं घरी बसवलं होतं.

१९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि संध्याकाळी चिखल तुडवत, सामान घेऊन हिंगण्याला चालत जात. देणाऱ्यांना ते दिसत होतं. १९०८ मध्ये त्यांनी निष्काम कर्ममठ काढला. आयुष्य संस्थेला वाहून घेणाऱ्यांचा तो संघ होता. त्यात त्यांच्या मेव्हणी पार्वतीबाई आठवले होत्या. देवरुखच्या, विसाव्या वर्षाच्या आसपास वैधव्य आलेल्या, पदरी एक मुलगा. निधीसाठी त्या गावोगाव हिंडल्या, सभांतून बोलल्या. केशवपन करून, आलवण नेसून फिरणारी ही बाई विधवांच्या शिक्षणासाठी मागत होती, आणि पुढे तिनं तो वेषही टाकला. केस वाढवून त्याच गावांत पुन्हा जायचं, त्याच दात्यांच्या समोर. कितीजणांनी दार लावून घेतलं असेल याचा अंदाज मला गुंदमध्ये बसूनही येतो. १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या, इंग्रजी शिकायला आणि निधी मिळवायला. तिथे परक्यांच्या घरी घरकाम करून राहिल्या. 'माझी कहाणी' या पुस्तकात हे सारं त्यांनी स्वतः लिहिलंय.

हिंगण्याच्या संस्थेची सर्वांत हुशार युक्ती म्हणजे भाऊबीज फंड. दिवाळीत देणाऱ्याकडे जायचं ते बहिणीच्या नात्यानं. तो देतो ती देणगी नव्हे, ओवाळणी. देणगी एकदा देऊन माणूस मोकळा होतो. ओवाळणी पुढल्या वर्षी चुकली तर भावालाच चुटपुट लागते. शिवाय ओवाळणीची रक्कम कुणी विचारत नाही, त्यामुळे चार आणे देणाऱ्यालाही मान वर करून देता येतं.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाईंचं नाव लागलं आणि पुढे मुख्य कचेरीही मुंबईला गेली. मोठं दान आपल्या अटी घेऊनच येतं, त्यात वावगं काही नाही. पण त्या पंधरा लाखांच्या आधीची वीस-पंचवीस वर्षं आश्रमानं दारोदारच्या रुपया-आण्यांवर काढली होती, आणि त्या माणसांची नावं कुठल्याच इमारतीवर नाहीत.

आमच्या बाजूला देण्याची आणखी एक तऱ्हा आहे, ती मागणाऱ्याशिवायच चालते. माघी पौर्णिमेच्या सुमाराला उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या जत्रेला धारवाड-बेळगावकडचे शेतकरी बैलगाड्या जुंपून रानातून येतात. कन्नड बोलणारी माणसं, आमची भाषा धड न कळणारी. जत्रेत अन्नदान चालतं, त्याला ती दासोह म्हणतात. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की आमच्याकडे लहान मुलं जेवण टाकून धावत. यांच्या दारी वर्गणी मागायला कोण गेलं होतं?

सुपे धरणाचं पाणी चढलं तेव्हा जुनं सुपे गाव बुडालं, आसपासची वस्ती रामनगरकडे हलली, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली. आप्पांच्या वहीत त्या काठच्या काही नावांवर पेन्सिलनं फुली आहे. शाळेच्या फजितीनंतर मी ती नावं एका कागदावर उतरवली आणि रामनगरची बस धरली. खोल्या बांधून झाल्या होत्या, मागायचं काही नव्हतं. पिशवीत खर्चाचा कागद आणि केळीच्या पानातल्या पुड्या.

तिसऱ्या घरी एक म्हातारी निघाली. मला ओळखलं नाही, आप्पांचं नाव सांगितल्यावर ओळखलं. पुडी हातात घेऊन तिनं पान आधी उलटसुलट पाहिलं.

"हे पान गुंदचं का रे?" तिनं विचारलं.

हो म्हटलं. तिनं प्रसाद वाटीत काढून घेतला, पान पुसून घडी केलं आणि कोनाड्यात ठेवलं. मग मला बसायला पाट दिला आणि म्हणाली, "आता सांग, किती खर्च झाला."

मी कागद उघडला.