बिघाडाची नोंद : संगणकजाळ्याच्या साहाय्यपर लेखनाचा प्रारंभकाळ (१९६९–१९८९)

संगणकजाळ्यावरून गेलेला पहिला संदेश अपुराच पोहोचला. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संगणकाकडे ‘लॉगिन’ हा शब्द एकेक अक्षर करून पाठविला जात होता. ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. दोन्ही टोकांची माणसे त्या वेळी दूरध्वनीवर परस्परांशी बोलत होती. बिघाड पलीकडच्या टोकाला झाला हे त्यामुळेच लगेच कळले आणि सुमारे तासाभराने प्रयत्न सफल झाला. विद्यापीठाच्या नोंदवहीत रात्री साडेदहाच्या वेळेपुढे दोन संगणकांचा संपर्क झाल्याची एक त्रोटक ओळ आहे. फसलेल्या प्रयत्नाचा उल्लेख तीत नाही. बिघाड घडणे आणि तो लिहिला जाणे यांत असे अंतर होते. पुढील वीस वर्षांत ते ज्या लेखनाने कमी केले, त्याचा विचार वाङ्मयप्रकार म्हणूनही व्हावयास हवा.

या लेखनाचा पाया त्याच वर्षी घातला गेला होता. ‘आर्पानेट’ या जाळ्याची जुळणी होण्यापूर्वीच, ७ एप्रिल १९६९ रोजी, स्टीव्ह क्रॉकर या संशोधक विद्यार्थ्याने ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ या मालिकेतील पहिले टिपण लिहिले. जाळेच अस्तित्वात नसल्याने आरंभीची टिपणे टपालाने पाठवावी लागत. त्याच महिन्यातील तिसऱ्या टिपणाने लेखनाचे संकेत ठरविले : मजकूर घोटीव नसला तरी चालेल, उत्तराविना प्रश्न मांडता येईल, एका वाक्याचे टिपणही ग्राह्य धरले जाईल. अधिकारपदावरील कोणी दुखावू नये म्हणून हे विनम्र नाव योजल्याचे क्रॉकर यांनी पुढे सांगितले आहे. मात्र या नम्रतेचा परिणाम दूरगामी ठरला. भाष्यपरंपरेत मूळ संहिता पूर्ण आणि प्रमाण मानली जाते व भाष्य तिच्या मागून येते; येथे संहिताच स्वतःस अपूर्ण म्हणवून भाष्याची याचना करते. शिवाय क्रमांक देऊन प्रसिद्ध झालेले टिपण पुढे बदलले जात नाही. दुरुस्तीसाठी नव्या क्रमांकाचे टिपण लिहावे लागते आणि कालबाह्य झालेले टिपणही वाचकास उपलब्ध राहते. चुकीचा माग पुसला जाणार नाही, अशी ही व्यवस्था आहे.

तिची कसोटी २७ ऑक्टोबर १९८० रोजी लागली. त्या दिवशी आर्पानेट काही तास जवळजवळ ठप्प झाले. जाळ्यातील प्रत्येक संदेशवाहक यंत्र आपल्या जोडण्यांची स्थिती इतरांना क्रमांकित संदेशांनी कळवीत असे. हे क्रमांक ० ते ६३ असे घड्याळाप्रमाणे फिरत आणि दोहोंतील नवा कोणता, हे वर्तुळातील अंतरावरून ठरे. एका यंत्राच्या सदोष स्मृतीमुळे एकाच संदेशाच्या ८, ४० आणि ४४ अशा क्रमांकांच्या तीन प्रती निर्माण झाल्या. नियमानुसार ८ पेक्षा ४० नवा, ४० पेक्षा ४४ नवा आणि वर्तुळ फिरून ४४ पेक्षा पुन्हा ८ नवा ठरला. परिणामी या प्रती एकमेकींचा अखंड पाठलाग करू लागल्या आणि यंत्रांना अन्य कामास सवड उरली नाही. एखादे यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, तरी शेजारच्या यंत्राकडून तेच संदेश परत येत.

या घटनेची चिकित्सा एरिक रोझेन यांनी जुलै १९८१ मधील ७८९ क्रमांकाच्या टिपणात केली. ही यंत्रे बनविणाऱ्या आणि जाळे चालविणाऱ्या ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या संस्थेतच ते काम करीत होते. दोष केवळ एका यंत्राच्या माथी मारून हे टिपण थांबत नाही. एका यंत्राच्या दोषाने सबंध जाळे का कोसळावे, हा प्रश्न ते रचनेलाच विचारते. रचनाकारांच्या गोटातूनच रचनेची उणीव जाहीरपणे मांडली गेली, आणि म्हणूनच हे लेखन परक्या अभियंत्यालाही उपयोगी ठरले.

पुढचा प्रसंग २ नोव्हेंबर १९८८ च्या सायंकाळचा. स्वतःच्या प्रती काढीत पसरणाऱ्या ‘वर्म’ आज्ञावलीने इंटरनेटवरील संगणक व्यापले. अनेक संस्थांनी सावधगिरी म्हणून जाळ्याशी संबंध तोडला. पण उपायही त्याच जाळ्यावरून येत असल्याने तो त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचेना. रोगाची वाट आणि औषधाची वाट एकच होती. जॉइस रेनॉल्ड्स यांच्या डिसेंबर १९८९ मधील ११३५ क्रमांकाच्या टिपणाचे शीर्षक या घटनेस ‘कृमिरोग’ म्हणते. तांत्रिक अहवाल येथे वैद्यकीय रूपकाचा आश्रय घेतो आणि त्यात व्यावसायिक नीतीची चर्चाही येते.

या लेखनाच्या मर्यादा उघड आहेत. त्याची भाषा इंग्रजी होती आणि त्याचे आरंभीचे लेखक मुख्यतः अमेरिकेतील मोजक्या संशोधनसंस्थांतील होते. त्या वर्तुळातील परस्परविश्वास गृहीत धरूनच चुकांची अशी मोकळी कबुली शक्य झाली. तरीही अपयशाचे कथन, त्याची कारणमीमांसा आणि इतरांसाठी इशारा असे तिन्ही घटक एकत्र बांधणारा हा प्रकार तौलनिक अभ्यासकाने केवळ तंत्रज्ञानाच्या कपाटात ठेवण्याजोगा नाही. पहिल्या रात्रीच्या दूरध्वनी-संभाषणाला अशी नोंद लाभली नाही. ते मुख्यतः सहभागी व्यक्तींच्या पुढील काळातील आठवणींतूनच जाणून घ्यावे लागते.