अवघडलेली माणसं

आपण कुणाकडे सहज जातो. आत नवरा-बायकोचं नुकतंच वाजलेलं असतं. ‘या, या’ होतं, चहा येतो. पण कुणी कुणाकडे बघत नाही. बाहेर पडल्यावर आपण म्हणतो, ‘मला अगदी अवघडल्यासारखं झालं.’

लाज, भीड, संकोच यांच्या पंगतीत हा शब्द बसतो खरा, पण त्याचं कूळ निराळं. ‘संकोच’ संस्कृत ‘कुच्’ धातूवरून आला. आखडणं, मिटणं हा त्याचा मूळ अर्थ. ‘अवघड’ मात्र कठीण वाटेचा, चढणीचा शब्द. हिंदीतला ‘औघट’ही असाच दुर्गम घाटाला लागतो. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत निघाली. तिथेही ‘अवघड’ म्हणजे कठीणच.

हा कठीणपणा अंगातही शिरतो. मांडी घालून पाय अवघडतो, एसटीत डुलकी लागली की मान अवघडते. दिवस भरत आलेल्या बाईला तर आपण सरळ ‘अवघडलेली’ म्हणतो. आणि असंच मनही अवघडतं.

गंमत पुढेच आहे. स्पॅनिशमध्ये गरोदर बाईला ‘एम्बाराझादा’ म्हणतात. त्यामागचं क्रियापद ‘एम्बाराझार’, म्हणजे अडवणं, अडथळा आणणं. तेच फ्रेंचमधून सतराव्या शतकात इंग्रजीत गेलं आणि पुढे त्याचं ‘एम्बॅरस’ हे खजील करणारं रूप रूढ झालं. मराठीनं हे कुणाकडून घेतलेलं नाही. अडलेली हालचाल, पोटुशी बाई आणि चारचौघांत गोंधळलेला माणूस यांना दोन भाषांनी आपापल्या घरी एकत्र बांधलं. (आपली ‘अडचण’ही काही कमी नाही; पैशाची असते, जागेची असते, आणि बायकांची महिन्याचीही.)

मला यातलं व्याकरण मोलाचं वाटतं. लाजाळू, भिडस्त, संकोची ही स्वभावाची विशेषणं झाली. अवघडण्यावरून तसं विशेषण मराठीनं केलं नाही. माणूस अवघडतो, अवघडलेला असतो. पाय मोकळा झाला की चालू लागतो, तसाच तोही थोड्या वेळानं बोलू लागतो.

पाहुण्यांसमोर पोर खुर्चीच्या कडेला बसून राहतं, तेव्हा आईबाप हसून सांगतात, ‘आमचा हा पहिल्यापासून लाजाळूच!’ पोर ते ऐकतं. खरं तर ते नुसतं अवघडलेलं असतं.